अमेरिकेतला बारावीचा इंग्रजी साहित्याचा वर्ग : विद्यार्थ्याकडून काय अपेक्षित असतं?



माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेत आहे. त्याची मुलगी यंदा बारावीत गेली. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात त्याने मला एक पत्रक पाठवलं आणि खाली लिहिलं, "सर, इंग्रजीच्या बाईंनी हे घरी पाठवलंय, पालकांची सही हवी आहे. पण यात धडे कुठेच दिसत नाहीत. पोरीने अभ्यास करायचा कशाचा?"

प्रश्न रास्त आहे. धडा, स्वाध्याय आणि गाइड यांवर वाढलेल्या आपल्या पिढीला तो पडणारच. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ.

'सीनियर इयर' म्हणजे काय?

तिकडे हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं असतं. शेवटच्या वर्षाला 'सीनियर इयर' म्हणतात. साहित्यासाठी देशभर एकच पाठ्यपुस्तक नसतं. राज्य, शाळा आणि शिक्षक यांनुसार पुस्तकं बदलतात. म्हणूनच वर्षाच्या सुरुवातीला शिक्षक पत्रक देतात : कोणती पुस्तकं वाचायची, गुण कशाला किती, काम उशिरा दिलं तर काय, नक्कल केली तर काय. सही मागतात ती "आम्ही हे वाचलं" एवढ्यासाठी.

याच वर्षी मुलं कॉलेजांना अर्ज करतात. बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण बहुतेक कॉलेजं मागवून घेतात. त्यामुळे "अर्ज गेला, आता सुटलो" असं म्हणायची सोय नसते.

पहिली अपेक्षा : पुस्तक पूर्ण वाचणे

उतारा नाही, अख्खं पुस्तक. शेक्सपिअरचं 'हॅम्लेट', मेरी शेलीची १८१८ साली आलेली 'फ्रँकेन्स्टाइन', टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' अशी पुस्तकं या वर्गांत बऱ्याचदा असतात. वाचन मुख्यतः घरी करायचं, तेही हातात पेन्सिल घेऊन. कुठे अडलं, कुठे खटकलं, कोणता शब्द पुन्हा पुन्हा आला, ते समासात लिहायचं. वर्गाचा बराच वेळ चर्चेसाठी असतो, आणि पुष्कळ शिक्षक चर्चेतल्या सहभागालाही गुण देतात. म्हणजे गप्प बसणारं हुशार मूल तिथे मागे पडू शकतं!

दुसरी अपेक्षा : स्वतःचं विधान

खरी मेख इथेच आहे. आपण 'फ्रँकेन्स्टाइन'चंच उदाहरण घेऊ.

"व्हिक्टर एक जीव तयार करतो, त्याला घाबरून पळून जातो आणि पुढे तो जीव सूड घेतो." हे झालं कथानक. बरोबर आहे, पण शिक्षकांनाही ते माहीत आहे.

"व्हिक्टरचा मोठा अपराध जीव निर्माण करण्यात नाही, त्याला टाकून देण्यात आहे." हे झालं विधान. यावर कुणी वाद घालू शकतं, म्हणूनच ते विधान.

आता पुरावा हवा. व्हिक्टर त्या जीवाला साधं नावसुद्धा देत नाही. तो जीव एका कुटुंबाला लपून ऐकत बोलायला शिकतो. त्याच्याशी आधी मायेने बोलतो तो घरातला आंधळा म्हातारा. डोळस माणसं मात्र त्याला पाहताच हाकलून लावतात. यावरून काय सिद्ध होतं, हेही विद्यार्थ्यानेच सांगायचं. शिवाय उलट बाजू टाळायची नाही : याच जीवाने व्हिक्टरच्या लहान भावाचा खून केलाय. त्याचं काय? याचं उत्तर देणारा निबंध पक्का होतो.

थोडक्यात क्रम असा : विधान, पुरावा, स्पष्टीकरण.

परीक्षेत हेच कसं तपासतात?

बऱ्याच शाळांत हा वर्ग 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' म्हणजे एपी स्वरूपाचा असतो. त्याची परीक्षा कॉलेज बोर्ड मे महिन्यात घेतं. एकूण वेळ ३ तास. पहिल्या तासात ५५ बहुपर्यायी प्रश्न, त्यांना ४५ टक्के भार. उरलेल्या २ तासांत ३ निबंध, त्यांना ५५ टक्के. एक निबंध दिलेल्या कवितेवर, दुसरा कथा-कादंबरीतल्या उताऱ्यावर आणि तिसरा स्वतः निवडलेल्या साहित्यकृतीवर.

प्रत्येक निबंध ६ गुणांचा : विधानाला १, पुरावा आणि स्पष्टीकरणाला ४, विचारांच्या खोलीला १. बघा, गोष्ट सांगण्याला वेगळा गुणच नाही! अंतिम निकाल १ ते ५ या श्रेणीत लागतो.

आपल्याकडे बारावीच्या इंग्रजीतही कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न असतोच. पण आपण त्याचंही तयार उत्तर पाठ करतो, हे कबूल करायला हवं.

तिसरी अपेक्षा : प्रामाणिकपणा

इंटरनेटवर सारांश मिळतात, आता संगणक निबंधही लिहून देतो. पत्रकात याबद्दल स्पष्ट नियम असतो, तो पालकांनी मुलांसोबत बसून वाचावा. नियम मोडला तर शून्य गुण मिळू शकतात, काही ठिकाणी कॉलेजलाही कळवलं जातं. त्याहून मोठा तोटा हा की, मत बनवायची सवय लागायची ती लागतच नाही.

पालकांनी काय करावं?

माझ्या विद्यार्थ्याला मी एवढंच सांगितलं : "पोरीला गोष्ट विचारू नकोस. तिला विचार, तुला असं का वाटतं? आणि ते पुस्तकात कुठे दिसलं?"

महिन्याभराने त्याचा फोन आला. पहिल्या निबंधावर बाईंचा शेरा होता, 'हे कथानक झालं, तुझं म्हणणं काय?' मुलगी रडली. मग बाप-लेक दोघं जेवणाच्या टेबलावर त्या बिननावाच्या जीवावरून तासभर भांडले. दुसरा निबंध तिने त्या भांडणातूनच लिहिला. गुण किती पडले ते मी विचारलं नाही. तो म्हणाला, "सर, पुस्तक आता मीपण वाचायला घेतलंय."

अभ्यास सुरू झाला म्हणायचा!