गुंता मोजायचा कसा?

सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी : फंक्शनमधल्या स्वतंत्र वाटांची संख्या. मांडणी थॉमस मॅकेब, १९७६.

हिशेब : निर्णय मोजा, एक मिळवा. मॅकेब यांनी सुचवलेली मर्यादा १०.

उदाहरण : नोंदीतलं नाव बघून तालुका-क्रमांक छापायचा आहे. ‘भोर’ असेल तर, ‘वेल्हे’ असेल तर, ‘राजगड’ असेल तर : तीन ‘इफ’, आकडा ४. (वेल्हे तालुक्याला राजगड नाव देण्याचा निर्णय २०२४ चा, जुन्या कागदांवर वेल्हेच.) तिन्ही नावं क्रमांकांसह तक्त्यात ठेवून थेट शोधली, की ‘इफ’ उरत नाही. आकडा १. पुढचं नामांतर झालं, तर तक्त्यात एक ओळ वाढेल.

कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी : वाचणाऱ्याच्या डोक्याला होणारा ताप. ‘इफ’च्या पोटातला ‘इफ’ इथे महाग पडतो.