भीमाकाठचा भोपळा आणि दूरदेशीचे लाकूड

इलेक्ट्रिक गिटार हे कारखान्यात घडणारे वाद्य आहे, असा आपला समज असतो. तो बराचसा खराही आहे. परंतु अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये एकेक गिटार स्वतःच्या हातांनी, गिऱ्हाइकाच्या बोटांच्या मापाने घडवून देणारे कारागीरही आहेत. त्यांच्याकडे येणाऱ्या रसिकाचे पहिले कुतूहल लाकडाविषयी असते. अंगासाठी मॅहॉगनी घ्यावे की ॲश, दांडीसाठी मेपल चालेल काय आणि ज्या स्वरपट्टीवर बोटे फिरतात ती कोणत्या लाकडाची असावी, यावर तासन्‌तास चर्चा होते. त्या स्वरपट्टीसाठी मोठ्या मानाने निवडले जाणारे एक लाकूड म्हणजे भारतीय शिसव. तिकडे ज्याचे ‘दूरदेशीचे’ म्हणून अप्रूप, ते लाकूड आपल्याकडे जुन्या वाड्यांतील झोपाळ्यांत, देव्हाऱ्यांत आणि पेढीवरच्या उतरत्या मेजांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे. परके काय आणि आपले काय, हे आपण कोठे उभे आहोत यावर ठरते, ते असे.

मग आपल्या मातीत, हाताने घडणारे, जगभर मागणी असलेले तंतुवाद्य कोणते? त्याचे उत्तर शोधण्यास कर्जतकरांना फार दूर जावे लागत नाही. कर्जत तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून, सिद्धटेकला वळसा घालून वाहणारी भीमा पुढे उजनीच्या जलाशयात विसावते आणि तेथून पंढरपूर व मंगळवेढ्याच्या दिशेने जाते. त्या खालच्या परिसरातील शेतांत एक वेगळाच भोपळा पिकतो. तो चवीला कडू, आकाराने अवाढव्य आणि सालीने जाड असतो. तो स्वयंपाकघरात कधीच जात नाही. तो जातो मिरजेला, सतारमेकर गल्लीत, आणि तेथून तंबोरा होऊन जगाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचतो.

शस्त्रांकडून स्वरांकडे

मिरजेच्या या कलेचा उगम मोठा बोधप्रद आहे. तो १८५०च्या सुमाराचा सांगितला जातो. फरीदसाहेब हे शिकलगार घराण्यातील. तलवारी, भाले घडवणे आणि त्यांना धार लावणे हा घराण्याचा पिढीजात व्यवसाय. इंग्रजी अंमल स्थिरावला, लढाया थांबल्या आणि शस्त्रांची मागणी आटली. त्याच काळात मिरज संस्थानाच्या पटवर्धन अधिपतींच्या आश्रयाने गायक-वादकांची ये-जा वाढली होती. त्यांची वाद्ये दुरुस्त करता करता या शिकलगारांनी ती स्वतः घडवण्याची विद्या हस्तगत केली. पोलादाची नस ओळखणारा हात लाकडाची नस ओळखू लागला आणि पुढे ‘सतारमेकर’ हेच घराण्याचे नाव झाले.

कारागिराला जाणकार गिऱ्हाईक लाभले, तरच कला वाढते. मिरजेला ते भरभरून लाभले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे राहिले. त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुसकर शिकले आणि त्यांनीच १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. असे कान समोर असताना कामात उणीव ठेवून चालणार नव्हते.

तंबोरा कसा घडतो

वेल सुकल्यावर उतरवलेला भोपळा प्रथम काही महिने वाळवावा लागतो. घाई केली तर पुढे तो तडकतो. वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, कापतात, आतील गर व बिया काढून टाकतात आणि आकार टिकावा म्हणून आत लाकडी आधार देतात. गळा, दांडी आणि भोपळ्याचे तोंड झाकणारी तबली यांसाठी तून वृक्षाचे तांबूस, हलके लाकूड वापरले जाते. तबली किती जाड ठेवायची, हे कारागीर बोटाने ठोकून ठरवतो. त्यानंतर कोरीव पाने, नक्षी, पॉलिश, खुंट्या, मणी आणि तारा अशी कामे क्रमाने होतात.

मापही प्रत्येकाचे निराळे. पुरुष गायकाचा स्वर काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास असेल, तर भोपळा मोठा आणि दांडी लांब. स्त्री गायिकेचा काळी चार-पाच असेल, तर तंबोरा आटोपशीर. गिटारचा कारागीर गिऱ्हाइकाचा हात पाहतो, मिरजेचा कारागीर गिऱ्हाइकाचा गळा ऐकतो.

सर्वांत कठीण काम म्हणजे जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा पृष्ठभाग किंचित बाकदार असतो. तार त्या बाकाला निसटता स्पर्श करीत राहिली, तरच एका स्वरातून अनेक उपस्वरांची ती भारलेली गुंजारव उमटते. कानसीचा एखादा फटका जास्त बसला की गुंजन हरवते. कमी बसला तर नाद बंद राहतो. हे मोजण्याचे माप कोणत्याही दुकानात मिळत नाही. म्हणून कारागीर घासतो, ऐकतो, पुन्हा घासतो. जवारीच्या त्या गुंजनाची मोहिनी एवढी, की १९६७ साली अमेरिकेत डॅनइलेक्ट्रो कंपनीने ‘कोरल’ नावाची इलेक्ट्रिक सतार बाजारात आणली. ती वस्तुतः गिटारच होती. परंतु सतारीसारखा आवाज यावा म्हणून तिला मुद्दाम रुंद, सपाट घोडी बसवली होती.

लाकडाची किंमत आणि हाताचे मोल

इलेक्ट्रिक गिटारमध्ये पोलादी तारांखाली पिकअप असतो. चुंबकाभोवती तांब्याच्या अतिसूक्ष्म तारेचे हजारो वेढे घातलेले असतात. वरची तार कंप पावली की त्यात विद्युतप्रवाह उमटतो आणि तोच पुढे ध्वनिवर्धकातून ऐकू येतो. त्यामुळे भरीव अंगाच्या गिटारमध्ये लाकडाच्या जातीमुळे आवाजात नेमका किती फरक पडतो, यावर जाणकारांत आजही वाद आहे. दुर्मीळ लाकडाला पैसा मात्र भरपूर मोजला जातो.

या हव्यासाचा परिणाम जंगलांवर झाला. ब्राझिलियन रोझवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२मध्ये कडक बंदी आली. संकटग्रस्त प्राणी व वनस्पतींच्या व्यापारासंबंधीच्या ‘साइट्स’ करारानुसार जानेवारी २०१७पासून आपल्या शिसवीसह त्या संपूर्ण कुळावर परवान्याचे बंधन आले. तयार वाद्यांना २०१९मध्ये त्यातून सवलत मिळाली. वृक्ष वाढण्यास शतक लागते आणि कापण्यास एक दुपार पुरते, हा हिशेब जगाच्या ध्यानी उशिरा आला.

दुर्मीळ लाकडावाचूनही उत्तम वाद्य घडते, याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक ब्रायन मे याने शाळकरी वयात, १९६३मध्ये, अभियंता वडिलांच्या साहाय्याने घरीच इलेक्ट्रिक गिटार बनवण्यास प्रारंभ केला. दांडीसाठी शंभर वर्षांहून जुन्या शेकोटीच्या चौकटीचे मॅहॉगनी घेतले. पडद्यांमधील खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याची बटणे आणि यंत्रणेसाठी जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा. दोन वर्षांच्या खटपटीनंतर सिद्ध झालेली ही गिटार त्याने पुढे आयुष्यभर वाजवली. २००२मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभे राहूनही तीच वाजवली. मिरजेचा भोपळा याच जातीचा. शेतकऱ्याला तो एका हंगामात मिळतो, त्यासाठी जंगल तोडावे लागत नाही आणि त्याचे मोल केवळ हातामुळे वाढते.

अहिंसक नजरेने

तंतुवाद्ये आपल्या भक्तिसंगीतातही आहेत. म्हणून त्यांच्या घडणीतील आणखी एक बाजू पाहणे आवश्यक वाटते. जुन्या काळी उत्तम घोडी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असे. गिटारमध्येही तारांच्या टेकूसाठी हाड, सजावटीसाठी शिंपला आणि जोडकामासाठी जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनणारा सरस वापरला जाई. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांमुळे हस्तिदंताचा व्यापार थांबला. आज एबनीसारख्या कठीण लाकडाच्या किंवा कृत्रिम द्रव्याच्या घोड्या मिळतात आणि त्यांवर उत्तम जवारी काढणारे कारागीरही आहेत. वाद्य मागवतानाच घोडी कशाची, पॉलिश लाखेचे की अन्य, हे विचारता येते. विचारणारे वाढले, तर घडवणारेही बदलतात.

पुढील पिढीचा प्रश्न

३० मार्च २०२४ रोजी मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला कायद्याचे संरक्षण लाभले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मानांकनाने गिऱ्हाईक येतेच असे नाही. बंगळूरच्या राज नारायण यांनी १९७९मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा सिद्ध केला आणि आता तर तो भ्रमणध्वनीत विनामूल्य वाजतो. विद्यार्थ्याची त्यामुळे सोय झाली, हे नाकारता येणार नाही. तथापि ज्या वाद्याच्या एकेका नगाला महिन्यांची प्रतीक्षा लागते, त्याच्या कारागिराला हा बदल पेलणे सोपे नाही.

व्यवहाराच्या भाषेत बोलायचे, तर या धंद्यातील भांडवल माळ्यावर वाळत पडलेले असते. भोपळा आज घ्यायचा, लाकूड मुरू द्यायचे आणि पैसा हाती यायचा तो कितीतरी नंतर. जवारीचा कान तयार होण्यास लागणारी वर्षे तर कोणत्याही ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाहीत. तीच खरी मालमत्ता असते. घरातील मुलाने नियमित पगाराची नोकरी पत्करली, तर त्याला दोष कसा द्यावा? मात्र तो गेला की ती विद्याही त्याच्याबरोबर जाते, आणि ती परत आणण्यास कोणतेही कर्ज पुरत नाही.

आपल्यापैकी काही घरांच्या माळ्यावर आजी-आजोबांच्या काळातील एखादा तंबोरा वा सतार गवसणीत पडून असेल. भोपळ्याला चीर गेली असेल, घोडी झिजली असेल, तारा गंजल्या असतील. तो मोडीत काढण्यापूर्वी मिरजेला एकदा दाखवून आणावा. चीर सांधता येते, जवारी नव्याने काढता येते. वाद्य पुन्हा बोलू लागते, कारागिराच्या घरी चार पैसे जातात आणि त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाला हे काम अजून कोणाला तरी हवे आहे, एवढे कळते.