यंत्राचें पत्र पोंचतें कसें?

युनिक्स किंवा तिच्याच वळणाच्या लिनक्स प्रणालीवर चालणारें यंत्र रात्रंदिवस जागें असतें. मध्यरात्रीं तें शाळेच्या नोंदींची दुसरी प्रत करून ठेवितें आणि कांहीं बिघडल्यास आपल्या व्यवस्थापकास ई-मेल लिहितें. हें शेवटचें काम फार महत्त्वाचें होय. कारण प्रत झाली नाहीं हें ज्यास कळलेंच नाहीं, तो नोंदी नष्ट होईपर्यंत निश्चिंत झोपतो. यंत्रानें पत्र लिहिलें म्हणजे तें पोंचलेंच, असें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस वाटत असेल. वस्तुस्थिति तशी नाहीं.

इ. स. १९८२ मध्यें जॉन पोस्टेल यांनीं ह्या पत्रांच्या देवघेवीचे नियम प्रसिद्ध केले. त्या काळीं यंत्रें थोडीं व ओळखीचीं होतीं. कोणतेंही यंत्र दुसऱ्याच्या दारीं जाऊन पत्र देई, आणि परक्याचें पत्रही पुढें पोंचवी. पुढें जाहिरातबाजांनीं व भामट्यांनीं ह्या सौजन्याचा गैरफायदा घेतला. आतां पत्र घेणारा सर्व्हर पाहुण्याची कसून चौकशी करितो. ह्याच्या अंकी पत्त्यावरून उलट शोध केल्यास नांव मिळतें काय? ज्या डोमेनच्या नांवानें पत्र आलें, त्याच्या धन्यानें ह्या पत्त्यास मुभा दिली आहे काय? घरगुती जोडणीचा वरचेवर बदलणारा पत्ता तर बहुधा उंबऱ्यावरूनच परत धाडला जातो. शिवाय यंत्रें परस्परांस ज्यांतून पत्रें देतात तें २५ क्रमांकाचें द्वार जोडणी देणाऱ्या कित्येक कंपन्या बंदच ठेवितात.

खेड्यांतील मनुष्य आपलें पत्र घेऊन स्वतः मुंबईस जात नाहीं. तो तें जवळच्या टपाल कचेरींत टाकितो. तद्वत् आपल्या यंत्रानेंही सर्व पत्रें एका विश्वासू, नांवाजलेल्या सर्व्हरच्या स्वाधीन करावीं. ह्यासच रिले म्हणतात.

व्हीत्सा व्हेनेमा यांनीं आयबीएमच्या संशोधनशाळेंत असतां रचिलेला पोस्टफिक्स हा प्रोग्राम १९९८ सालीं बाहेर पडला. त्याचेंच उदाहरण घेऊं. त्याच्या मुख्य फाइलींत ‘रिलेहोस्ट’ नांवाची ओळ असते. तिच्यापुढें मध्यस्थ सर्व्हरचें नांव चौकटी कंसांत, मग कोलन, मग ५८७ हा आंकडा लिहावा. कंस शोभेचे नव्हेत. ते नसल्यास पोस्टफिक्स ‘ह्या नांवाचें टपाल कोण घेतो?’ असें आधीं डोमेनच्या नोंदींत विचारतो व भलत्याच दारीं जाऊं शकतो. ५८७ हें पत्रें दाखल करण्याचें द्वार असून तेथें ओळख पटवावी लागते. त्याकरितां नांव व पासवर्ड वेगळ्या फाइलींत ठेवावा, ती धन्याखेरीज कोणास वाचतां येऊं नये अशी करावी, आणि ‘पोस्टमॅप’ ह्या आज्ञेनें तिची तालिका तयार करावी. दळणवळण गुप्त लिपींतूनच होईल अशीही अट घालावी; नाहीं तर वाटेवरच्या कोणासही पासवर्ड वाचतां येईल.

येथें एक धोका आहे. ‘मायनेटवर्क्स’ ह्या ओळींत आपल्याच यंत्रांचे पत्ते असावेत. ती ढिली सोडल्यास परक्यांचीं हजारों पत्रें आपल्या नांवावर जातील, मध्यस्थ आपलें खातें बंद करील, आणि शाळेचीं खरीं पत्रेंही अडकतील. पाठविणाराचा पत्ताही खरा हवा. नवें यंत्र बहुधा ‘रूट’ ह्या नांवानें व जगास अज्ञात अशा डोमेनवरून लिहितें. असें पत्र मध्यस्थ नाकारतो, आणि नकाराची चिठ्ठी त्याच खोट्या पत्त्याकडे निघाल्यामुळें तीही हरवते!

सर्व जुळल्यावर बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर पत्र पाठवून लॉग वाचावा. तेथें ‘सेंट’ हा शब्द व २५० हा आंकडा दिसल्यास मध्यस्थानें पत्र स्वीकारलें एवढेंच सिद्ध होतें. ज्याचें त्यास मिळालें कीं नाहीं, हें त्याच्या पेटींतच पाहावें. अडकलेलीं पत्रें ‘मेलक्यू’ ह्या आज्ञेनें दिसतात. वेगळी सूचना नसल्यास पोस्टफिक्स ५ दिवस खटपट करितो व मग पत्र परत फिरवितो. पांच दिवस बिघाडाची वार्ता दडून राहणें शाळेस परवडणारें नाहीं.

आणि बंद पडलेलें यंत्र तर पत्र लिहीतच नाहीं. म्हणून ‘प्रत झाली’ असें एका ओळीचें पत्र आम्ही रोज सकाळीं मागवितों. तें ज्या दिवशीं आलें नाहीं, त्या दिवशीं प्रार्थनेच्या घंटेपूर्वीं यंत्राची खोली उघडली जाते.