पेजेतलं पाणी

पेज म्हणजे गरिबाचं नाहीतर आजाऱ्याचं खाणं, हा आपल्याकडचा पक्का समज. मूठभर तांदूळ, तांब्याभर पाणी. खाणारी तोंडं वाढली की आणखी एक तांब्या. पातळपणा हीच दारिद्र्याची खूण. हा निवाडा मला घाईचा वाटतो. पेजेत पाणी किती, याआधी ते कशासाठी घातलं, हे पाहायला हवं. जुने वैद्य तेच पाहत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अगदी दुसऱ्याच अध्यायात, २८ यवागू, म्हणजे पेजेचे प्रकार, सांगितले आहेत. वमन-विरेचनानंतर रोग्याला एकदम ताटावर न बसवता आधी पातळ पेया, मग दाट विलेपी, असं हळूहळू जेवणावर आणायचं. बौद्ध विनयपिटकात भिक्षूंना यवागूची मुभा देताना तिचे दहा गुण मोजले आहेत; त्यांत भूक भागवणं आहे, तसं तहान भागवणंही.

कोकणात, गोव्यात सकाळभर शेतात राबलेला माणूस दहा-अकराला पेजेला बसतो, तेव्हा घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ त्याला एकाच वाडग्यातून मिळतं. तोंडी लावायला लोणचं किंवा भाजलेला सुका बांगडा. तांदूळ उकडा. भात सालासकट उकडल्यामुळे कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व दाण्यात उतरतं, आणि पेज वेळून टाकत नाहीत, म्हणून पाण्यात सुटलेलंही पोटातच जातं. हे जीवनसत्त्व निघून गेलेल्या नुसत्या सडीक तांदळावर वाढवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात, हे डच डॉक्टर आइकमन यांनी जावा बेटावर १८९०च्या दशकात पाहिलं. त्या कामाला नोबेल मिळालं १९२९ साली. घाटावरच्या आंबिलीची गोष्ट वेगळी नाही. नाचणीचं किंवा ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवलं की त्यातलं लोह अडवून धरणारं फायटिक आम्ल कमी होतं. कोल्हापुरात रेणुकेच्या यात्रेला आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य असतो. निव्वळ नाइलाजाच्या अन्नाला असा मान मिळत नाही.

हे भुकेचं कौतुक झालं, असं कुणी म्हणेल. आक्षेप खोटा नाही. १८७७च्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी मद्रास इलाख्यातल्या दुष्काळी कामांवर पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि थोड्याशा पैशांवर आणली. अशा घरातली पेज पातळ होते ती दाणे नाहीत म्हणून, आणि तिचे गुण गाणं हा निर्लज्जपणाच. पण तिथे दोष पाण्याचा नाही, मजुरीचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड. तान्ह्या बाळाचं पोट इवलंसं. पातळ पेजेने ते भरतं, पण अंगी लागण्याइतकं धान्य पोटात जात नाही. इथे दाटच हवं, आणि दाट बाळाला गिळवत नाही. यावरची तोड मोडाच्या नाचणीत आहे. मोड आल्यावर दाण्यात तयार झालेली विकरं पिठातलं स्टार्च फोडतात. त्यामुळे त्या पिठाची लापशी जास्त पीठ घालूनही पातळच राहते, पाणी न वाढवता.