मोठ्या भूकासवांचे हिवाळी घर

मोठ्या भूकासवांचे हिवाळी घर म्हणजे थंडीच्या काळात, विशेषतः रात्री, जमिनीवर राहणाऱ्या मोठ्या कासवांना ठरावीक उबेत ठेवण्यासाठी घरात, पडवीत किंवा गोठ्याच्या एखाद्या खणात उभारलेला बंदिस्त व उष्णतारोधक निवारा होय. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यासारख्या डोंगराळ भागात हिवाळ्यातील दिवस उबदार आणि रात्री थंड असतात. त्यामुळे येथील हिवाळी घर हे प्रामुख्याने रात्रीचे घर असते. कासव स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाही. म्हणून अशा घराची कसोटी त्यातील हीटर किती मोठा आहे यावर लागत नाही. मिळालेली ऊब पहाटेपर्यंत किती टिकते, यावर लागते.

## पार्श्वभूमी

कासव हा बाह्यतापी प्राणी आहे. त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेनुसार, जमिनीनुसार आणि उन्हानुसार बदलते. तापमान उतरले की त्याचे पचन मंदावते, हालचाल थांबते आणि रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते.

पाळीव मोठ्या भूकासवांत आफ्रिकी सुलकाटा कासव सर्वाधिक परिचित आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिण सीमेवरील साहेल हा कोरडा पट्टा त्याचे मूळ स्थान होय. मुख्य भूमीवरील भूकासवांत ते आकाराने सर्वांत मोठे असून पूर्ण वाढ झालेल्या नराचे वजन ४५ किलोग्रॅमहूनही अधिक भरते. सेशेल्स द्वीपसमूहातील अल्डाब्रा कासव याहून बरेच मोठे होते. त्याच्या नराचे वजन २०० किलोग्रॅमच्या पुढे जाऊ शकते. दोन्ही जाती अनेक दशके जगतात, म्हणून त्यांच्यासाठी केलेली व्यवस्था पुढच्या पिढीलाही सांभाळावी लागते.

साहेलमधील सुलकाटा जमिनीत लांब बीळ खोदते. वर दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा असला, तरी बिळातील तापमान फारसे बदलत नाही. हिवाळी घर हे या बिळाचेच जमिनीवरील रूप आहे. म्हणूनच ते ठेंगणे, अंधारे, शांत आणि स्थिर तापमानाचे असावे लागते.

## शीतनिद्रेविषयीचा गैरसमज

भूमध्य सागराच्या परिसरातील काही भूकासवे हिवाळ्यात शीतनिद्रा घेतात. सुलकाटा, अल्डाब्रा आणि भारतीय तारा कासव या उष्ण प्रदेशांतील जाती मात्र शीतनिद्रा घेत नाहीत. गारठ्याने निश्चल झालेले कासव ‘झोपले आहे’ असे समजून तसेच राहू देणे, हा पाळीव कासवांच्या बाबतीत आढळणारा सर्वांत घातक गैरसमज होय. शीतनिद्रा घेणाऱ्या कासवाचे शरीर त्या अवस्थेसाठी आधीपासून तयार झालेले असते. त्याचे आतडे रिकामे असते. उष्ण प्रदेशातील कासवाच्या पोटात मात्र न पचलेला चारा राहतो आणि त्याला फुप्फुसाचा संसर्ग जडण्याचा संभव वाढतो. नाकपुडीतून बुडबुडे येणे, तोंड उघडून किंवा मान लांबवून श्वास घेणे, डोळे सुजणे आणि खाणे सोडणे ही त्याची लक्षणे आहेत. कासवाचा आजार सावकाश वाढतो, त्यामुळे लक्षण दिसेपर्यंत बराच काळ लोटलेला असतो. अशा वेळी घरगुती उपाय न करता पशुवैद्यकाकडे जाणे आवश्यक ठरते.

## मुळशीचे हवामान

मुळशी तालुका सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वसलेला असून पौड हे त्याचे मुख्यालय आहे. पश्चिमेकडील ताम्हिणी घाटाच्या परिसरात अतिवृष्टी होते. पूर्वेकडे पाऊस कमी होत जातो. डिसेंबर व जानेवारी महिन्यांत दुपारचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर पहाटे ते १० अंशांपर्यंत किंवा त्याखालीही उतरते. शेजारच्या पुणे शहरात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सिअस इतके नीचांकी तापमान नोंदले गेले होते.

निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि नदी-ओढ्यांकाठच्या सखल जागेत साचते. त्यामुळे एकाच गावात ओढ्याकाठची जागा टेपावरील जागेपेक्षा अधिक गार असते. धरण व नदीलगत पहाटे धुके आणि दवही असते. हिवाळी घर सखल जागी न बांधता थोड्या उंचवट्यावर, घराच्या भिंतीला लागून बांधणे हितावह ठरते. जमिनीत खड्डा खोदून केलेले घर या भागात उपयोगाचे नाही, कारण पावसाळ्यात त्यात पाणी भरते.

## कायदेशीर बाजू

घर बांधण्यापूर्वी कासव कोणते आहे हे निश्चित करणे आवश्यक आहे. भारतात आढळणारी वन्य कासवे घरी पाळता येत नाहीत. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले तारा कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये समाविष्ट असून ते बाळगणे, विकणे किंवा विकत घेणे हा गुन्हा आहे. २०१९ साली साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये त्याचा समावेश झाला. महाराष्ट्रात कासव घरात असल्यास धनलाभ होतो किंवा ‘वीस नखी’ कासव गुप्तधन मिळवून देते, अशा अंधश्रद्धांपोटी कासवांची तस्करी होत आली आहे. देवळाच्या सभामंडपातील दगडी कूर्म हे धार्मिक प्रतीक आहे. जिवंत कासव घरी बाळगण्यास त्यातून कोणतीही मुभा मिळत नाही.

सुलकाटा व अल्डाब्रा या विदेशी जाती साइटीसच्या परिशिष्ट २ मध्ये येतात. अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे. त्यासंबंधीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झाले असून नोंदणी केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरून करावी लागते. जन्म, हस्तांतरण आणि मृत्यू यांचीही माहिती द्यावी लागते.

तारा कासव किंवा अन्य भारतीय कासव आढळल्यास वनविभागाला कळवावे. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. बावधन येथे वनविभाग आणि रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट यांच्या सहकार्याने वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र चालवले जाते. नको झालेले विदेशी कासव रानात किंवा धरणाकाठी सोडून देणे हा उपाय नव्हे. ते कासव थंडीत व पावसात टिकत नाही आणि टिकलेच तर स्थानिक कासवांत रोग पसरवू शकते.

## आकार व रचना

घराचे माप कासवाच्या वाढीव आकारावरून ठरवतात. सुमारे ६० सेंटिमीटर लांबीच्या एका सुलकाटासाठी ८ फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच पेटीवजा घर पुरेसे होते. उंची मुद्दाम कमी ठेवतात, कारण गरम हवा वर जाते आणि कासव खाली असते. उंच खोलीत छताजवळची हवा तापते व जमीन गारच राहते. छप्पर बिजागरीवर उघडणारे असल्यास स्वच्छता व तपासणी सुलभ होते. दोन नर एकत्र ठेवल्यास ते परस्परांना धडका देतात व उलटेही पाडतात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा असावा.

भिंती दोन प्लायवुडच्या थरांमध्ये ५० मिलिमीटर जाडीचा थर्माकोल बसवून तयार करतात. थर्माकोल कोठेही उघडा राहता कामा नये. कासव तो कुरतडून खाते. या भागात वाळवीचा उपद्रव असल्याने पेटी जमिनीला न टेकवता विटांच्या किंवा सिमेंटच्या ओट्यावर ठेवतात. मोठे कासव भिंतीला सतत ढकलते, त्यामुळे खालचा दीड फूट भाग विशेष मजबूत असावा. पारदर्शक काच खालच्या भागात लावू नये, कारण पलीकडचे दिसत असल्याने कासव तिच्यावर पुन्हा पुन्हा धडकते.

दार सुमारे अडीच फूट रुंद ठेवून त्यावर शीतगृहात असतात तशा जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावतात. कासव त्यातून सहज ये-जा करते आणि ऊब आत राहते. रात्री त्यावर लाकडी झडपही बंद करतात.

शहाबादी फरशी थंडीत गार पडते आणि गुळगुळीत लादीवर कासवाचे पाय घसरतात. म्हणून तळाशी उष्णतारोधक थर, त्यावर प्लायवुड किंवा खडबडीत सिमेंट आणि वर वाळलेल्या गवताचा जाड थर घालतात.

## ऊब व तिचे गणित

सुलकाटासाठी रात्रीचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस राखणे सुरक्षित मानले जाते. बाहेर १० अंश आणि आत २५ अंश, असा १५ अंशांचा फरक धरल्यास वरील मापाच्या पेटीतून ढोबळमानाने १६० वॅट उष्णता बाहेर जाते. फटी व दार जमेस धरून ती २०० ते २५० वॅट होते. याउलट नऊ इंची विटांच्या भिंती व पत्र्याचे छप्पर असलेली १० फूट लांबी-रुंदी-उंचीची खोली तेवढीच उबदार ठेवण्यास सुमारे २,००० वॅट लागतात. बारा तासांच्या रात्रीत पहिल्या घराला सुमारे ३ युनिट, तर दुसऱ्या खोलीला सुमारे २४ युनिट वीज लागते. खर्च हीटरवर करण्याआधी भिंतींवर करणे का श्रेयस्कर, हे या तुलनेवरून स्पष्ट होते.

उबेसाठी छताला लावायचे उष्णताप्रसारक फलक किंवा तेल भरलेला हीटर वापरतात. हीटर आडोशामागे, कासव पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. एकाच बिंदूवर झोत टाकणारे दिवे मोठ्या कासवासाठी धोकादायक असतात. कवचाचा माथा दिव्याच्या जवळ येऊन भाजतो, तर कडा व पाय गारच राहतात. खालून तापणारी गादी हाही एकमेव उपाय होऊ शकत नाही, कारण पोटाकडील कवच भाजत असल्याचे कासवाला वेळेवर उमगत नाही.

हीटर नेहमी थर्मोस्टॅटला जोडावा आणि त्याचा संवेदक कासवाच्या पाठीच्या उंचीवर बसवावा. वायरी नळीतून न्याव्यात आणि मंडलात आरसीसीबी बसवावा. वाळलेले गवत आणि वीज एकत्र असल्याने आगीचा धोका संभवतो. उघड्या शेगडीने किंवा कोळशाने बंद घर तापवणे प्राणघातक ठरू शकते.

ग्रामीण भागात वीज जाण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. २० लिटरच्या दोन कॅनमध्ये ४५ अंशांचे पाणी भरून ते आत ठेवल्यास २५ अंशांपर्यंत निवताना ते सुमारे ०.९ युनिट उष्णता देतात. २०० वॅट उष्णता बाहेर जाणाऱ्या घराला ती चार तासांहून अधिक पुरते. कॅनची झाकणे घट्ट असावीत आणि कॅन फळीमागे अडकवावेत.

## ऊन, प्रकाश व आर्द्रता

मुळशीच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १८.५ अंश उत्तरेस, डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंचीवर असतो. म्हणून दार दक्षिणेकडे ठेवल्यास ऊन आत शिरते. हवा तापल्यावर कासवाला दिवसभर अंगणात सोडणे उत्तम, कारण कवच व हाडांसाठी आवश्यक असलेले ‘ड’ जीवनसत्त्व थेट उन्हातील अतिनील किरणांमुळे तयार होते. साध्या काचेतून ऊब येते, पण हे किरण जवळजवळ येत नाहीत. पावसाळ्यातील सलग ढगाळ दिवसांत मात्र अतिनील नळीदिव्याची आवश्यकता भासते.

ओलसर गारवा आणि उबदार दमटपणा यांत भेद केला पाहिजे. उबदार हवेतील थोडी आर्द्रता, विशेषतः पिल्लांच्या कवचाच्या समतोल वाढीसाठी, उपकारक असते. गारठ्यातील ओल मात्र फुप्फुसांना घातक ठरते. ओले गवत रोज काढावे आणि वरच्या बाजूस लहान झरोके ठेवावेत. अन्यथा मूत्रातून निर्माण होणारा अमोनिया साठून राहतो.

## आहार व दैनंदिन देखभाल

थंडीतही मुख्य आहार गवताचाच असावा. वाळलेले गवत, जास्वंदीची व तुतीची पाने आणि काटे काढलेला फड्या निवडुंग हे या भागात सहज मिळतात. पोळी, भात आणि गोड फळे देऊ नयेत. चारा सकाळी, कासव उन्हात तापल्यावर द्यावा, म्हणजे रात्रीपूर्वी पचनास अवधी मिळतो. पिण्यासाठी उथळ पात्रात कोमट पाणी ठेवावे.

घरात कमाल-किमान तापमापक लावून रोज सकाळी रात्रीचे किमान तापमान वहीत नोंदवणे उपयुक्त ठरते. कासव ओरडत नाही आणि थरथरतही नाही. थंडी वाजत असल्याचे सांगण्याचे कोणतेही उघड साधन त्याच्यापाशी नाही. पहाटेच्या किमान तापमानाची ही नोंदच त्याच्या वतीने बोलते. म्हणून कासवाला आत ठेवण्यापूर्वी आठवडाभर रिकाम्या घरातील तापमान तपासून पाहणे, हा उभारणीचाच एक भाग मानला जातो.