निर्वासित कुणाला म्हणायचे?

पनवेल तालुक्यातील आमच्या नेरे गावी कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. घराने आणि गावाने टाकलेल्या माणसांना तिथे आसरा मिळाला. त्यांना मी निर्वासित म्हटले तर कायद्याचा जाणकार मला लगेच अडवील. तो विचारील, यांनी देशाची सरहद्द कुठे ओलांडली? त्याचे बोलणे कायद्याला धरून आहे. म्हणूनच तो कायदा आपण नीट समजून घेतला पाहिजे.

28 जुलै 1951 रोजी जिनिव्हा येथे निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर झाला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपायी छळाची साधार भीती असल्याने जो स्वदेशाबाहेर आहे, तो निर्वासित. त्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला जिथे धोका आहे तिथे त्याला परत ढकलू नये, असे 33 वे कलम सांगते. मूळ करार 1 जानेवारी 1951 पूर्वीच्या घटनांपुरता होता. समोर होता तो युद्धात होरपळलेला युरोप. कालमर्यादेची ही अट 1967 साली निघाली.

या व्याख्येत जात हा शब्द नाही. 'विशिष्ट सामाजिक गट' या शब्दांत ती बसवता येते. पण त्यासाठीही आधी देश सोडावा लागतो. 1978 साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. जीव मुठीत धरून गाव सोडणाऱ्यांना या करारात जागा नव्हती. देशातल्या देशात उखडलेल्यांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाची मार्गदर्शक तत्त्वे आली ती 1998 साली, आणि तीही बंधनकारक नाहीत.

मग सरहद्द ओलांडलेल्या दलितांचे काय झाले? 1946 साली बाबासाहेब घटना समितीवर निवडून गेले ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाठिंब्याने. फाळणीत नामशूद्रांचे मोठे मुलूख पाकिस्तानात गेले. 18 डिसेंबर 1947 च्या पत्रात बाबासाहेबांनी नेहरूंना कळवले की, पाकिस्तान अस्पृश्यांना निघू देत नाही, आणि जे येतात त्यांना इकडच्या छावण्यांत भेदभाव सोसावा लागतो. छावणीत राहील त्यालाच मदत, असा नियम होता. छावणीचे दारच जातीने अडवलेले असेल, तर शिधा कुठून मिळणार?

मंडल पाकिस्तानचे मंत्री झाले. 1950 साली राजीनामा देऊन त्यांनाही भारतात यावे लागले. मागाहून आलेल्या नामशूद्रांना 1958 साली सुरू झालेल्या दंडकारण्य योजनेत पाठवले गेले. 1978 साली त्यांतले हजारो लोक बंगालला परतले आणि सुंदरबनातील मरिचझापी बेटावर वसले. जानेवारी 1979 मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली, गोळीबार झाला. मे महिन्यात बेट रिकामे करण्यात आले. मेलेल्यांच्या आकड्यावर आजही एकमत नाही.

हा प्रश्न फक्त बंगालचा नाही. बंगाली निर्वासितांच्या वसाहती आपल्या गडचिरोली जिल्ह्यातही आहेत. बंगालमध्ये नामशूद्र अनुसूचित जात आहे. महाराष्ट्राच्या यादीत ती नाही. माणसाबरोबर अस्पृश्यता आली, संरक्षण मात्र वाटेतच राहिले.

भारताने 1951 च्या करारावर सही केलेली नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. 1996 साली चकमांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घटनेचे 21 वे कलम नागरिक नसलेल्यांच्याही जिवाचे रक्षण करते. आज आधार आहे तो एवढाच. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीने धर्म विचारला. जातीपायी छळ झाला काय, हे विचारले नाही.

उद्या या देशात निर्वासितांचा कायदा झालाच, तर आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. छळाचे कारण तपासताना जात विचारा. शिधा, जमीन आणि छप्पर वाटताना ती विचारू नका. आजवर आपल्याकडे नेमके उलटे होत आले आहे.