पोचा बंपरचा, उपाय स्वयंपाकघरातला

सोसायटीच्या पार्किंगमधला खांब, सिग्नलला मागून हळूच टेकलेली रिक्षा, गेटजवळची कुंडी. गाडीच्या बंपरला पोचा यायला एवढंसं निमित्त पुरतं. आणि गाडी बाईच्या हातात असली, की पोच्यापेक्षा त्याची चर्चाच मोठी होते. 'तरी मी सांगत होतो'पासून सुरू होऊन ती 'आता काही दिवस गाडी राहूच दे'वर येऊन थांबते. महिनाभर किल्ली खुंटीवर राहिली, की पुन्हा चालवायचा धीर होत नाही. म्हणून मैत्रिणींनो, साधा पोचा घरच्या घरी काढता येतो, हे ठाऊक असलेलं बरं.

कढत आमटी ओतली की प्लास्टिकचा डबा कसा वाकडा होतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. इथे तेच उलट करायचं. बहुतेक गाड्यांचे बंपर पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लास्टिकचे असतात. ते वितळतं साधारण १६० अंश सेल्सिअसला. उकळत्या पाण्यानं ते वितळत नाही, पण नरम पडतं. नरम असताना आतून ढकललं की मूळ आकारावर येतं आणि गार झालं की तसंच राहतं.

आधी इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण गार होऊ द्या. बंपर धुऊन माती काढा. खालून किंवा चाकाच्या बाजूनं पोच्याच्या मागे हात पोचतो का, ते पाहा. मग चार-पाच लिटर पाण्याचं आधण ठेवा. एकीनं पाणी ओतायचं, दुसरीनं ढकलायचं. हातात जाड रबरी मोजे आणि पायात बंद बूट हवेतच, चप्पल नको. मुलांना लांब ठेवा. पाणी आधी पोच्याच्या कडेकडेनं, मग मध्यभागी सावकाश ओता. ओतणं थांबलं की लगेच आतून तळव्यानं दाबा. जागेवर आलं, की वरून गार पाणी टाका. एकदा जमलं नाही, तर दोन-तीनदा करा. गॅसची ज्योत किंवा टॉर्च मात्र चुकूनही लावू नका, रंग जळतो.

हा उपाय फक्त प्लास्टिकसाठी आहे. दार आणि बॉनेट पत्र्याचं असतं, तिथे उपयोग नाही. घडी पडली असेल तर बारीक रेघ राहते. बंपरला तडा गेला असेल, क्लिपा तुटल्या असतील, रंगाचे पापुद्रे निघाले असतील किंवा मागे सेन्सरच्या वायरी असतील, तर गॅरेज गाठा. धडक जोराची असेल तर आतला लोखंडी भागही दाखवून घ्या.

विम्याचा हिशेबही बघा. वर्षभर क्लेम केला नाही, तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. पाच वर्षांत ती ५० टक्क्यांवर जाते. तो बोनस वाचवणारं जादा कव्हर नसेल, तर एका छोट्या क्लेमनं सगळी सूट जाते. शिवाय साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागाची निम्मी किंमत घसारा म्हणून कापतात. किरकोळ पोच्यासाठी क्लेम करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

आणि हो, पोचा निघाल्यावर गाडी पुसून नुसती उभी करू नका. त्याच संध्याकाळी भाजी आणायला तीच घेऊन जा.